जाधवबाई आणि मुरुडची नाकं

डॉक्टर जाधवबाई माणसाशी बोलताना त्याच्या डोळ्यांत बघत नसत, नाकात बघत. नवखा माणूस त्याने फार अस्वस्थ होई. आपल्या नाकाला काही लागलंय की काय, म्हणून तो हळूच रुमाल काढी. तेवढ्यात बाई म्हणत, "पुसू नका, राहू दे. मला तेच बघायचंय."

मुरुडला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं छोटं लॉज आहे. त्याच्या खालच्या पुढच्या दोन खोल्या बाईंनी भाड्याने घेतल्या. एकीत दवाखाना, दुसरीत राहणं, मागे स्वयंपाकाला जागा. मला वाटलं होतं, वर्षभरात कंटाळून जातील. कान दुखला तर आमच्याकडे तेल कोमट करून घालतात, घसा दुखला तर मिठाच्या गुळण्या करतात आणि नाकाला तर कोणी अवयवच समजत नाही. पण बाई टिकल्या. इतक्या टिकल्या, की माझ्या लॉजला लोक 'नाकवालीचं लॉज' म्हणू लागले. मी पाटीवरचं मूळ नाव मोठ्या अक्षरांत पुन्हा रंगवून घेतलं. त्यावर रिक्षावाले गिऱ्हाइकांना सांगायचे, "त्या नाकवालीच्या लॉजवर आता मोठी पाटी लावलीय बघा, तिथंच उतरा."

बाईंच्या पाटीवर कान, नाक, घसा असं तिन्ही लिहिलेलं होतं. पण कान आणि घसा त्यांना सावत्र. त्या म्हणत, "कान नुसता ऐकून घेतो. घसा म्हणजे जाण्यायेण्याची बोळ. खरं राबतं ते नाक. झोपेतसुद्धा सुट्टी नाही बिचाऱ्याला."

त्या मूळच्या बोर्ली पंचतनच्या. वडील शाळामास्तर, घर बौद्धवाडीत. स्वतःचं नाक मात्र अगदी बसकं. "शाळेत सगळे मला नकटी म्हणायचे," त्या सांगत. "म्हटलं थांबा, एक दिवस तुमची सगळ्यांची नाकं माझ्या हातात येणारेत." आणि आलीच. बोर्लीचे त्यांचे जुने वर्गबंधू खाडी ओलांडून यायचे, खुर्चीत बसून मान वर करायचे आणि बाई त्यांच्या नाकात दिवा मारत म्हणायच्या, "काय रे, आता म्हण नकटी!"

दवाखान्यात भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. एकदा मी सहज म्हटलं, चेहरा किती शांत आहे. बाई म्हणाल्या, "असणारच. ध्यानाला बसल्यावर लक्ष कुठे ठेवायला सांगितलंय? नाकाशी. आत जाणारा श्वास, बाहेर येणारा श्वास. गुडघ्याशी नाही सांगितलं."

नाकाबद्दलचं कुठलंही बोलणं त्या शब्दशः घेत. आमच्या आळीतले एक सज्जन गृहस्थ दाखवायला आले, त्यांची ओळख करून देताना मी म्हणालो, "अगदी नाकासमोर चालणारा माणूस आहे." बाईंनी त्यांच्या नाकात डोकावलं आणि म्हणाल्या, "मग हे डाव्या बाजूच्या गटारात जाणार. आतला पडदा चांगलाच वाकलाय यांचा." त्या गृहस्थांना रात्रभर एकच नाकपुडी पुरवावी लागे, म्हणून त्यांची बायको घोरण्याला कंटाळून माहेरी जाण्याच्या गोष्टी करत होती. पडदा सरळ करून घेतल्यावर ती राहिली.

पेशंटला नाक समजावून सांगायला त्यांच्याकडे प्लॅस्टिकचा नमुना होता, पण तो त्या कधी वापरत नसत. त्यांना माझं लॉज पुरे. व्हरांड्यात उभ्या राहून, माझ्या गिऱ्हाइकांसमोर, खणखणीत आवाजात त्यांचं सुरू व्हायचं.

"हे बघा, हे पुढचं दार म्हणजे नाकपुडी. दारात केस असतात, ते राखणदार. उपटू नका, मोठा कचरा तेच अडवतात. आत आलात की पॅसेज. त्याच्या दोन्ही भिंतींना कंगोरे असतात, एकाखाली एक, तीन. बाहेरची हवा कशीही असो, त्या कंगोऱ्यांवरून जाताना गरम होते, ओली होते, मग खाली छातीत जाते. म्हणजे गीझर. शेंबूड बघून नाक मुरडू नका, तो धूळ धरतो आणि मागे घशाकडे ढकलतो. म्हणजे झाडूवाला. अगदी वर, माडीवर, वास घेणारी जागा. टपालाच्या तिकिटाएवढी, बस्स. आणि सायनस म्हणजे या नंदूभाऊंच्या मागच्या खोल्या. दार एवढंसं, खिडकी नाही. दार सुजून बंद झालं की आत पाणी तुंबतं आणि सडतं!"

पुण्याहून आलेलं एक कुटुंब हे ऐकून बॅगा न उघडताच निघून गेलं. त्यांना मी मागचीच खोली दिली होती.

मी तक्रार केली, तर त्यांनी पुढे होऊन माझ्या शर्टाच्या खिशातली थेंबांची बाटली काढून घेतली. नाक चोंदलं की दोन थेंब टाकायची मला जुनी सवय. "हे किती वर्षं चाललंय?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, सोडलं की नाक जास्तच बंद होतं हो. "तेच तर! आता हे थेंबच तुमचं नाक बंद करतात. दारूसारखं आहे हे." बाटली त्यांनी कचऱ्यात टाकली. नंतरचे काही दिवस मी तोंड उघडं टाकून काउंटरवर बसत होतो आणि येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला काय झालंय ते माझ्या बायकोला हळू आवाजात विचारत होतं. मग एका सकाळी उठलो तर नाक मोकळं. मी धावत सांगायला गेलो. बाई म्हणाल्या, "मला काय सांगता? नाकाची माफी मागा."

माणसांची नावं त्या साफ विसरत. नाकं कधी विसरत नसत. बाजारात कोणी नमस्कार केला की थोडं वाकून खालून बघत आणि मग ओळख पटे, "हां, तुम्ही होय! सर्दी कशी आहे?"

तळेकर गुरुजींची गोष्ट मुरुडात अजून सांगतात, आणि सर्वांत जास्त गुरुजी स्वतः सांगतात. निवृत्त मुख्याध्यापक, कडक माणूस. त्यांच्यासमोर लोक चार हात अंतर ठेवून, हात बांधून उभे राहत. सभेत त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असे. गुरुजींना तो आपला मान वाटे. खरं कारण वेगळं होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगणार कोण?

डोकं दुखतं म्हणून गुरुजी बाईंकडे आले. ते अजून उंबऱ्यात होते, तर बाईंनी आतून विचारलं, "एकाच नाकपुडीतून येतंय ना?"

गुरुजी दचकले. "काय येतंय?"

"घाण वास. तुम्हाला नसेल कळत. एवढी वर्षं घरात असलेल्या माणसाकडे कोणी लक्ष देत नाही."

गुरुजींना आयुष्यात असं कोणी बोललं नव्हतं. ते तसेच मागे फिरणार होते, पण तोवर बाईंनी त्यांच्या नाकाखाली थंड चकचकीत पट्टी धरली होती. श्वासाची वाफ एकाच बाजूला उमटली. दुसरी बाजू कोरडी. दुर्बिणीतून पाहिलं तर आत चक्क खडा. अलिबागला भूल देऊन तो काढावा लागला. फोडला, तर मधोमध चिंचोका!

चिंचोका बघितल्यावर गुरुजींनी तो तळहातावर घेऊन उलटसुलट केला. मग म्हणाले, "मी पहिलीत होतो. खेळता खेळता घातला नाकात. वर गेला. वडिलांचा मार बसेल म्हणून बोललोच नाही." त्याच्यावर इतकी वर्षं पुटं चढत गेली होती.

खरी गंमत पुढे झाली. महिन्याभराने गुरुजी तक्रार घेऊन आले. "बाई, डोकेदुखी थांबली. पण गावात पूर्वीसारखा मान राहिला नाही. लोक अगदी अंगाला खेटून बोलतात. परवा तर एकाने खांद्यावर हात ठेवला!"

बाई गंभीर चेहरा करून म्हणाल्या, "मग परत घालायचा का? डबीत ठेवलाय तुमचा."

गुरुजी आधी लाल झाले आणि मग असे हसले, की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. गुरुजींना हसताना कोणी बघितलं नव्हतं. ती डबी ते घेऊन गेले, आणि आता दिसेल त्या पोराला उघडून दाखवतात.

दुसरा प्रसंग आगरदांड्याच्या फेरीबोटीवरचा. मे महिना, रणरणती दुपार. बाई बोर्लीला भावाकडे निघाल्या होत्या, मी दिघीला कामाला. बोटीवर एक वऱ्हाड होतं. नवरामुलगा पांढऱ्या शेरवानीत, फेटा बांधून. मध्यावर पोचलो आणि त्याचा घोळणा फुटला. नाकातून रक्त, शेरवानीवर लाल थेंब. एकच गलका झाला. कोणी म्हणे मान मागे टाका, कोणी कांदा मागितला, कोणी त्याला आडवं करायला लागलं. नवऱ्याची आई रडायलाच लागली, अपशकुन झाला म्हणून.

बाईंनी गर्दीत कोपर घातलं. "मान खाली! खाली! मागे टाकलीत तर रक्त पोटात जाईल आणि हा मांडवात ओकेल." मुलाला बसवलं, पुढे वाकवलं आणि त्याचं नाक चिमटीत पकडलं. नवऱ्याचा मामा मदतीला आला आणि वरचं हाड दाबू लागला. बाईंनी त्याच्या हातावर फटका मारला. "हाडात काय आहे? रक्त इथून येतं, पुढच्या मऊ भागातून. तोंडाने श्वास घे रे बाळ."

दहा मिनिटं सोडायचं नाही, असा त्यांचा नियम. बोट दिघीला लागली, गाड्या हॉर्न मारू लागल्या, मागची माणसं ओरडू लागली. बाई हलल्या नाहीत. नवऱ्याचे वडील हात जोडून म्हणाले, "अवो बाई, सोडा आता. मुलीकडची मानसं उभी हायत धक्क्यावर. नवऱ्याचं नाक बाईमानसानं धरलंय, काय म्हनतील?"

"काही म्हणत नाहीत," बाई म्हणाल्या. "उद्यापासून सून धरणारच आहे. सवय होऊ दे."

नवरा चिमटीतूनच हसला. फोटोवाल्याने नेमका तेव्हाच फोटो काढला. त्या लग्नाच्या अल्बमात, अंतरपाटाच्या आधी, तो फोटो आहे. रक्त थांबलं, डागांवर शेला घेतला आणि लग्न लागलं. नवराबायको पुढे फिरायला मुरुडला आले, तेव्हा पेढे घेऊन बाईंना भेटले. बाईंनी नाव विचारलं नाही. नवऱ्याचं नाक वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "कोरड्या हवेत आत तूप लाव आणि बोट घालणं बंद कर."

आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी हिराबाई कोळीण हा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा मामला नव्हता. हिराबाईची मासळी डोळे मिटून घ्यावी. एक दिवस तिने आम्हाला दिलेली कोलंबी खराब निघाली. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन घरांतून ओरड झाली. बाजारात बायकांनी तिची पाटी परत केली. ती आमच्या पायरीवर येऊन बसली आणि रडायला लागली. "मी मुद्दाम न्हाय दिली वो. मना वासच येत न्हाय. जेवन पन मातीसारका लागतं. घरात सांगितला, तर सून बोलते, म्हातारपन आलं."

बाई बाहेर येऊन ऐकत होत्या. "म्हातारपण नाकातून येत नाही," त्या म्हणाल्या. "आत ये."

हिराबाईच्या दोन्ही नाकपुड्या आतून द्राक्षाच्या घोसासारख्या मांसल कोंबांनी भरल्या होत्या. हवा माडीवर पोचतच नव्हती, मग वास कुठून येणार? हिराबाई ऑपरेशनला तयार होईना. नाक कापतील म्हणून घाबरली. बाई तिच्यासोबत अलिबागला गेल्या, आत शेजारी उभ्या राहिल्या. नंतर नाकात मारायचा फवारा रोज चुकवू नको म्हणून दम भरला.

काही आठवड्यांनी सकाळी पायरीवरून आरोळी आली. "बाय! अगो बाय! आला!" हिराबाई पाटी डोक्यावर घेऊन नाचायची तेवढी बाकी होती. "कोपऱ्यावर आले आनि तुमच्या घरातला लसून वासला मना!" बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग त्या ओरड करणाऱ्यांना सांग," त्या म्हणाल्या, "पाटी आता माझ्या जबाबदारीवर आहे." आणि खरंच त्या बाजारात जाऊन हिराबाईच्या शेजारी बसून आल्या.

मग कोरोना आला. बाईंनाही झाला. ताप गेला, खोकला गेला, त्यांच्यासोबत वासही गेला. लोकांना सांगत होत्या तसंच त्या स्वतःला सांगत राहिल्या, येईल परत. बाकीच्यांचा आलाही. यांचा काही येईना.

आधी त्यांनी तेही थट्टेवर नेलं. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी अशा चार बाटल्या घेऊन सकाळ-संध्याकाळ व्हरांड्यात बसायच्या. एकेक हुंगायच्या, डोळे मिटून तो वास आठवायच्या. याला त्या नाकाचा अभ्यास घेणं म्हणायच्या. मधे काही दिवस चहाला जळक्या टायरचा वास यायला लागला, तर त्या खूश झाल्या. "चुकीचं का होईना, काहीतरी बोललं!" मग तेही बंद झालं.

हिराबाईला कळलं, तशी ती रोज सकाळी पाटी उतरवून त्यांच्यासमोर मासे धरू लागली. "वलका. बांगडा की मांदेली?"

बाई डोळे मिटून हुंगायच्या. "मांदेली."

"बांगडा हाय! लक्ष न्हाय तुमचा. परत घ्या."

पंचक्रोशीला नाक शिंकरायला शिकवणारी डॉक्टर मुकाट्याने मान हलवायची आणि परत वास घ्यायची. ते बघून आम्हाला हसू यायचं, बाईही हसायच्या. पण एकदा हिराबाई गेल्यावर त्या बसूनच राहिल्या. म्हणाल्या, "नंदूभाऊ, माझ्या आईच्या लुगड्याला धुराचा वास यायचा. रोज तो आठवून बघते. काल आठवलाच नाही."

त्यानंतर थोड्याच दिवसांत दुपारी माझी बायको ओरडत खाली धावली. बाईंच्या स्वयंपाकाचा गॅस चालू राहिला होता, वर ज्योत नव्हती. व्हरांडाभर गॅसचा वास होता आणि बाई आत शांतपणे वाचत बसल्या होत्या. बायकोने बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. बाईंनी पुस्तक मिटलं. "मला काही कळलंच नाही गं," त्या एवढंच म्हणाल्या.

भावाने मग ऐकलं नाही. एकटं राहायचं नाही, बोर्लीला घरी चल, म्हणून धरूनच बसला. बाईंनी दवाखाना आवरला. हत्यारं अलिबागच्या एका तरुण डॉक्टरला दिली. गुरुजी निरोप द्यायला आले, हिराबाई सुक्या बोंबलांची जुडी बांधून गेली.

निघायच्या दिवशी मी त्यांना आगरदांड्याला जाणाऱ्या सहा सीटर रिक्षापर्यंत सोडायला गेलो. बाई मागच्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर. फार बोलत नव्हत्या. रिक्षा भरत आली, तेवढ्यात एक म्हातारेबाबा दोरीने एक दांडगा बोकड ओढत आले. दाढीवाला, मस्तवाल. त्याचा दर्प असा, की दहा पावलांवरून माझे डोळे चुरचुरले. आत बसलेल्या दोन बायकांनी पदर नाकाला लावले आणि खाली उतरल्या.

रिक्षावाला खेकसला, "ओ बाबा, न्हाय घेनार! टेम्पो बघा."

"अरे, माझं पन पाव्हन्याकडं काम हाय," बाबा म्हणाले. "कुटं मिळतो टेम्पो?"

"थांबा," बाई म्हणाल्या.

त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. त्या अर्ध्या उठल्या होत्या. पुढे वाकून त्यांनी एक श्वास घेतला. थांबल्या. परत घेतला. मला वाटलं, यांना चक्कर येतेय.

"नंदूभाऊ," त्या म्हणाल्या, "घाण वास येतोय का हो?"

"भयंकर!" मी रुमालातून म्हणालो.

"उग्र? थोडा आंबट, जुन्या लोकरीसारखा?"

"अगदी."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "येतोय," त्या म्हणाल्या. "अहो, मला येतोय! बाबा, चढवा त्याला. इकडे, माझ्याजवळ."

"बाई, धुवावी लागेल रिक्षा मना," रिक्षावाला कळवळला.

"धू की! चांगली घासून धू. पण आगरदांड्याला पोचेपर्यंत धुवायची नाही."

बोकड चढला. बाकीचे उतारू मागून येणाऱ्या रिक्षाकडे पांगले. रिक्षावाल्याने तोंडाला फडका बांधला आणि गाडी सुरू केली. मागचा पडदा वर गुंडाळलेला होता, त्यामुळे वळणापर्यंत मला दिसत राहिलं. बाबा एका कोपऱ्यात अंग चोरून बसले होते. बाकाच्या मधोमध बोकड तोंड बाहेर काढून उभा होता आणि जाधवबाई त्याच्या गळ्यात हात टाकून, डोळे मिटून, छाती भरभरून श्वास घेत होत्या.